तारेचा हात

दुपारी पावणेतीनला फ्रीजमध्ये बर्फ पडला आणि शिवकांतला वाटलं, आत्ता पडायला नको होता.

आवाज तसा मोठा नव्हता. आधी जरा चरचर, मग प्लास्टिकच्या डब्यात आठ तुकडे, एकावर एक. एरवी तो ऐकूच आला नसता. वसमत रोडच्या मागच्या त्या गल्लीत मे महिन्याच्या दुपारी खिडकीखिडकीत कूलर घुरघुरत असतो आणि माणसं त्या घुरघुरीच्या आत झोपतात. पण नळाला पाणी येऊन आज नऊ दिवस झाले होते, कूलरची टाकी कोरडी पडली होती, म्हणून त्यानं बटण बंद केलं, आणि मग घरातले बाकीचे आवाज एकेक करून वर आले. घड्याळ. आतल्या खोलीत महेश्वरीच्या डोक्यावरचा पंखा, त्याची एक पाती किंचित वाकडी. आणि हा. तो दिवाणावर उठून बसला. छत्तीस वर्षं त्यानं स्टेशन रोडवर फ्रीज दुरुस्त केले होते. दुकान बंद करून सात वर्षं झाली. हात थरथरतात, स्क्रूच्या खाचेत पेचकस बसत नाही. पण कानाला कुणी निवृत्त केलेलं नाही. कान म्हणाला, डबा भरलेला असायला पाहिजे. भरलेल्या डब्यात बर्फ पडत नसतो.

फ्रीज अनुपमानं पाठवलेला. लेकीनं पुण्याहून पाठवलेली वस्तू, म्हणून महेश्वरीनं त्याच्या दारावर विभूतीची तीन बोटं ओढली होती. ती अजून आहेत, पुसट. दोन दारांचा, कपाटाएवढा, स्वयंपाकघरात मावेना म्हणून मधल्या खोलीत उभा केलेला. “बर्फ आपोआप होतो, आई. ट्रेमध्ये पाणी भरायची कटकट नाही,” अनुपमा फोनवर म्हणाली होती, आणि शिवकांत मागून ओरडला होता, “करतो आपोआप, पण खाणार कोण आपोआप?” तिघंही हसले होते. महेश्वरीही हसली होती का? हसली होती. बहुतेक.

थट्टा केली तरी पहिल्या दिवशी त्यानं यंत्राचं झाकण काढून आत बघितलं होतंच. मागच्या पांढऱ्या नळीतून पिण्याच्या टाकीतलं पाणी येतं. झडप सात-आठ सेकंद उघडते, झिंऽऽ करते, मिटते. वर छोटी पन्हळ, तिला आठ खण. पाणी गोठतं, खणाच्या अंगाला चिकटवलेलं एक बटण थंडी चाखत बसलेलं असतं, उणे नऊ-दहा झालं की ते म्हणतं, झालं. आणि यानंतरचं त्याला पहिल्यांदा बघताना खोटंच वाटलं होतं. बर्फाच्या त्या घरात खणांच्या खालची तार तापते. गोठलेला तुकडा खणाला घट्ट धरून बसलेला असतो, ओढला तर फुटेल. म्हणून खालून थोडी ऊब द्यायची, नुसती कड सुटण्यापुरती. कड सुटली की एक फणी सावकाश फिरते आणि तुकडे काठावरून लोटून देते. खडखड. आणि या सगळ्यावर एक तारेचा हात आहे. साधी वाकवलेली तार. दर खेपेला ती वर उचलली जाते आणि पुन्हा खाली येते, डब्यात चाचपून बघते. जागा असली तर पार खाली जाते, झडप पुन्हा पाणी सोडते. डबा भरलेला असला तर हात बर्फावर टेकतो, तिथंच अडून राहतो, आणि यंत्र गप्प बसतं. दिवस, आठवडे, कितीही. कुणीतरी काढून घेईपर्यंत.

दोन माणसांच्या घरात बर्फ लागतो किती? पाहुणा आला तर सरबतात दोन खडे. फेब्रुवारीत डबा भरला होता, हात वर राहिला होता. मग आता का?

तो सव्वाचारपर्यंत बसून राहिला. सव्वाचारला परत पडला.

दुकानाची जुनी जॉबकार्डं कपाटात होती. उरलेली, कोरी, कडा पिवळ्या पडलेली. त्यानं एक काढलं आणि थरथरत्या अक्षरात लिहिलं:

तक्रार: बर्फ पडतच राहतो.
कारण:
उपाय:

कारण लिहिल्याशिवाय उपाय लिहायचा नाही, ही गफूर उस्तादांची शिस्त, त्यांच्याच हाताखाली तो काम शिकला होता. उस्ताद त्याच्या हातातून पाना काढून घ्यायचे. “पाना नीचे रख रे. पैले सुन, क्या बोलरी.” मग दोघं खाली बसून, फ्रीजच्या पाठीला कान लावून, गिऱ्हाइकाच्या घरातली बायकापोरं हसत असताना, ऐकत राहायचे. पण त्या संध्याकाळी शिवकांतनं ऐकलं नाही. हातात काम येऊन सात वर्षं झाली होती. दोष हातातच असणार, तारेच्या, त्यानं ठरवून टाकलं: तार वाकली असेल, डबा भरलेला असूनही खाली घसरत असेल. डबा त्यानं न बघताच बाहेर काढून ओट्यावर ठेवला, वर फडकं टाकलं, आणि महेश्वरीला बॅटरी धरायला बोलावलं.

तासभर तो आत डोकं घालून होता. दोन स्क्रू पडले, एक फ्रीजखाली गेला. महेश्वरी मागं उभी होती आणि उजेड सारखा खाली घसरत होता.

“अगं सरळ धर की. माझ्या हातापेक्षा तुझाच हात हालायलाय.”

“थांबा, जरा टेकते.”

“गुडघे का?”

“हां. गुडघेच.”

ती खुर्ची ओढून बसली. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, आखूड, वरच्यावर, आणि त्याला आठवतं की तो आवाज त्यानं ऐकला होता. ऐकला होता आणि बाजूला केला होता. कंप्रेसर ऐकताना आपण रस्त्यावरची रिक्षा बाजूला करतो तसा. तार त्यानं अर्ध्या सुतानं, जराशीच, वर वाकवली. तार सरळच होती. हे त्याला वाकवतानाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. चारदा.

मग यंत्रात दोष नाही, म्हणजे डबा खरंच रिकामा होतोय. सकाळी भांडी घासायला कडूबाई यायची. झरीकडची बाई, जिभेला हाड नाही. शिवकांत मोरीच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि उगाच हवेबद्दल बोलला. लय ऊन हाय यंदा. तुमच्याकडं पत्र्याचं घर, नाही का? गार पाण्याचं काय करता?

कडूबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. “काका, सरळ इचारा. बर्फ मी न्यायले का म्हणून.”

“तसं न्हाई गं…”

“नेऊन काय करू? घरी जाईस्तोर पाणी हुईल, पदर तेवढा वला. रस्त्यानं लोक म्हणतील, कडूबाई कुटं पवून आली.” ती स्वतःच हसली. मग पातेलं पुन्हा उचलून, घासता घासता, त्याच्याकडं न बघता म्हणाली, “घरातल्या माणसाकडं बगा जरा. काकूंचं तोंड किती पांढरं पडलंय. मला दिसतंय, तुमाला दिसना.”

तो वरमून परत आला. कडूबाईचं पहिलं बोलणं त्याला लागलं होतं; दुसरं तेवढं नाही. पांढरं म्हणजे? महेश्वरी आधीपासून गोरीच.

त्या रात्रीच्या जेवणानंतर त्यानं तारेचा हात स्वतःच्या बोटानं वर सरकवून ठेवला. हात वर असला की यंत्र बंद. आता डब्यात एकही नवा तुकडा येणार नव्हता. होता तो बर्फ काठापासून चार बोटं खाली होता. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी त्यानं पुन्हा बघितलं, तर तळ दिसत होता.

दुपारी तो दिवाणावर भिंतीकडं तोंड करून पडला. पाणी आलं होतं, कूलर चालू होता. त्यानं थोडं घोरल्यासारखंही केलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली; चौसष्टाव्या वर्षी स्वतःच्या घरात चोरावर पाळत. काय धरणार होता तो? वीस मिनिटांनी फ्रीजच्या दाराचं रबर सुटल्याचा आवाज आला. चप्प. कूलरच्या आवाजातून त्यानं तो बरोबर उचलला. त्यानं मान वळवली.

मधल्या खोलीत, उघड्या दाराच्या गार धुक्यात, महेश्वरी पाठमोरी उभी होती. पदराचा सोगा कमरेला खोचलेला, त्यात तिनं उरलेसुरले तुकडे ओढून घेतले होते. एक तिच्या डाव्या तळहातावर होता. रोज सकाळी पूजेला ती गळ्यातलं इष्टलिंग जसं धरते तसाच, छातीजवळ, तळहात किंचित खोलगट, नजर त्यावर. बर्फाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मग तिनं तो तोंडात टाकला आणि चावला. कुडुम. कुडुम. दाढांखाली खडे फुटल्यासारखं. तिचे डोळे मिटले आणि खांदे खाली आले, लांब चालून आलेलं माणूस ओझं उतरवतं तसे. दुसरा. तिसरा. शिवकांतला वाटलं, आपण हे बघायला नको होतं. आणि असंही वाटलं, हे आपण पूर्वी बघितलंय. हेच खांदे. आवाज वेगळा होता. खडखडीत नव्हता, भुसभुशीत होता, कोरडा…

विभूती.

जुन्या घरी, गंगाखेडला, देवळीत विभूतीचे गोळे ठेवलेले असायचे, पांढरे, लिंबाएवढे. महेश्वरीला तेव्हा सहावा महिना होता. गोळे संपायला लागले. महिन्याला दोन लागायचे तिथं आठवड्याला चार. त्याच्या आईला, चन्नबसम्मा अव्वाला, सुनेच्या ओठांवर पांढरी पूड दिसली आणि ती गल्लीभर सांगत सुटली, “आमची सून लय भाविक बगा. पोटातल्या लेकराला आत्ताच लिंगधारण करायली.” आया-बाया येऊन महेश्वरीच्या पाया पडून गेल्या. ती खाली मान घालून बसली होती. शिवकांतनं तिला एकदा माजघरात बघितलं होतं, पाठमोरं, गोळा दातांनी फोडताना, आणि त्यालाही छातीत अभिमान वाटला होता. असा वाटला होता की तिनं वळून त्याच्याकडं बघितलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेव्हा त्यानं हात जोडले होते. थट्टेनं. नाही, थट्टेनं नाही. अर्धं थट्टेनं. ती सांगायचं ते गिळून हसली होती. मग बाळंतपण, दवाखान्याचा हिरवा पडदा, दोन बाटल्या रक्त, त्यातली एक त्याचीच. आणि चिडलेली ती डॉक्टरीण: बाईच्या अंगात रक्तच नव्हतं, काय खायला घालत होतात हिला? त्यानं अव्वाकडं बघितलं होतं. अव्वा म्हणाली होती, शिवाची कृपा, दोघी वाचल्या. तो प्रश्न तिथंच राहून गेला. काय खायला घालत होतात. पस्तीस वर्षं तो प्रश्न त्या पडद्याला लटकून राहिला, आणि आता बर्फाच्या आवाजानं खाली पडला.

राख खाल्ली तेव्हा रक्त नव्हतं. आता बर्फ.

गुडघे. हां, गुडघेच. सरळ धर की.

तो उठला नाही. तिनं दार लावलं, पदरानं फरशी पुसली, वाकताना फ्रीजला धरलं आणि तशीच क्षणभर थांबली, डोकं दारावर टेकून, विभूतीच्या त्या पुसट बोटांवर. मग आत गेली. शिवकांत बराच वेळ भिंतीकडं बघत पडून राहिला. विचारायचं कसं? एकदम विचारलं तर ती नाहीच म्हणेल. चाळीस वर्षांत तिनं दुखणं कबूल केलंय ते फक्त गुडघ्यांचं, तेही त्यांना लपता येत नाही म्हणून. ओढलं तर फुटेल. उस्ताद सांगायचे, पाना नीचे रख. तो स्वयंपाकघरात गेला आणि आयुष्यात तिसऱ्यांदा की चौथ्यांदा चहा टाकला. साखरेचा डबा सापडेना. आतून आवाज आला:

“काय सांडायलाव तिकडं?”

“काई न्हाई. पड तू.”

दोन कप घेऊन तो तिच्या खाटेशी बसला. तिनं त्याच्याकडं संशयानं बघितलं. चहात साखर नव्हती. तिनं तसाच एक घोट घेतला. तो अनुपमाच्या जन्माबद्दल बोलायला लागला. गंगाखेडची देवळी. नदीवरून येणारा वारा. अव्वा बायकांना गोळा करून काय काय सांगायची ते. महेश्वरी हसली, मग हसता हसता थांबली.

“मी तवा हात जोडले होते तुला,” तो म्हणाला. “तू काय सांगायली होतीस?”

तिनं कप खाली ठेवला.  पंख्याची वाकडी पाती फिरत होती.

“खाल्ल्याबिगर राहवत नव्हतं, हेच. देव नव्हता त्यात. लोक पाया पडायले, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायलं. कसं सांगू?”

“आन् आता?”

ती दचकली नाही. कड सुटली होती. “बगितलं व्हय तुमी.”

“ऐकलं.”

“चव न्हाई त्याला काई. म्हणूनच बरं वाटतंय. तोंडात नुसता विस्तव असतो ओ, रातंदिस. एक खाल्ला की वाटतं, अजून एक. या वयात लेकरावानी… अनूनं एवढं महागाचं पाठवलं, आन् मी चोरून… तुमी बॅटरी धरायला लावली, तवा डबा फडक्याखाली रिकामा होता. वाटलं, आता फडकं काढतेत, मग काढतेत. तुमी त्या तारेचंच घेऊन बसले.”

“दम लागतो का?”

“गच्चीवर वाळवण घालायला गेले न्हाई यंदा. तुमी इचारलं न्हाई, पापड का न्हाईत म्हणून.”

त्यानं विचारलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, पापड असतील कुठंतरी.

जिंतूर रोडवरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण अनुपमापेक्षा लहान होती. तिनं महेश्वरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि काही बोलायच्या आत शिवकांतनंच सांगून टाकलं, पेशंट बर्फ खाते, पस्तीस वर्षांपूर्वी विभूती खायची. डॉक्टरीणीनं पापणी सोडली. “हे तुम्हाला कुणी सांगितलं, दोन्हींचा संबंध आहे म्हणून?” “फ्रीजनं,” तो म्हणाला. रक्त पाच पॉइंट आठ निघालं. लोह संपलं की काहींना असं होतं, माती, राख, बर्फ, ती म्हणाली. पण लोह जातंय कुठं ते बघायला हवं. दुसऱ्या दिवशी नळी घालून बघितलं. पोटात जखम होती. थेंब थेंब, कितीतरी महिने. “गुडघ्यांसाठी गोळ्या घेतात का? रोज? किती वर्षं?” महेश्वरीनं शिवकांतकडं बघितलं नाही, छताकडं बघितलं. दोन वर्षं तो त्या गोळ्या दर पंधरवड्याला मेडिकलमधून न विसरता आणत होता. न विसरता आणण्याचा त्याला अभिमान होता. “आणखी सहा महिने असंच चाललं असतं तर,” डॉक्टरीण म्हणाली, आणि पुढचं न बोलता कागदावर लिहायला लागली.

अनुपमा पुण्याहून आली. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला हाकललंच. “बाबा, घरी जा. आंघोळ करा. वास यायलाय तुमचा.” तो आला. कुलूप काढलं. दवाखान्यात न्यायच्या घाईत त्यानं तारेचा हात खाली सोडून दिला होता, का कुणास ठाऊक, तिला लागला तर असावा म्हणून असेल. तीन दिवसांत यंत्रानं डबा भरून टाकला होता. आता ते गप्प होतं. कूलर बंद, पंखा बंद, घड्याळ चालू. शिवकांत मधल्या खोलीत उभा राहिला. असं गप्प यंत्र त्याला त्या पहिल्या दुपारपासून हवं होतं, नाही, असं नको होतं. घेणारं कुणी नाही म्हणून वर राहिलेला हात आणि कुणाला नकोय म्हणून वर राहिलेला हात, यंत्राला दोन्ही सारखेच. माणसानं ऐकायचं कशावरून? तो आंघोळ न करता तसाच परत दवाखान्यात गेला, आणि अनुपमा खूप रागावली.

महेश्वरी आठ दिवसांनी घरी आली. गुडघ्यांच्या गोळ्या शिवकांतनं स्वतः मोरीत फोडल्या, कडूबाई म्हणाली, “काका, मोरीचे गुडघे बरे व्हतील आता.” लोहाची औषधं, खजूर, अळीव. पहिले काही दिवस बर्फ पडतच होता. दिवसाला तीनदा, मग दोनदा. शिवकांत दिवाणावर पडून ऐकायचा, ती समोरून जाऊन उघडपणे घ्यायची, “एकच घेतला ओ,” म्हणायची, आणि तो नुसती कूस बदलायचा. जून लागला. मग एका दिवशी एकदाच. मग दोन दिवस नाही. पाचव्या दिवशी त्याचा स्वतःवरच विश्वास बसेना. कान गेला असेल. वय झालं.

दुपार होती. महेश्वरी आत पडली होती. तो अनवाणी उठला, दार हळूच उघडलं. चप्प. डबा काठोकाठ, वर तारेचा हात टेकलेला, स्थिर. त्यानं खिशातून जॉबकार्ड काढलं. कारणापुढं त्यानं दवाखान्यातच लिहिलं होतं: मी ऐकलं नाही. उपायापुढची जागा कोरी होती. तिथं काय लिहायचं ते सुचेना. मग त्याला वाटलं, निदान काय होतं ते तरी बघू, ज्यापायी ती… त्यानं ओंजळभर तुकडे उचलून वाटीत टाकले, एक तोंडात घातला, आणि सांभाळून, पडायला आलेली दाढ वाचवत, चावला.

कुडुम.

काही चव नव्हती. नुसतं गार.

“कोण बर्फ खायलंय तिकडं?” आतून आवाज आला. खणखणीत, एका दमात. “ऐकू यायलंय मला!”

त्यानं तोंडातला खडा घाईघाईनं गालात सरकवला. तेवढ्यात फ्रीजमध्ये तारेचा हात खाली गेला आणि पाणी सुटलं. झिंऽऽ.